गालातला खोडवा

मला विळा लागला तो माझ्या सासूच्या हातचा. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या घरात कित्येक महिने हे वाक्य कोणी तोंडातून काढलं नाही. कोणी विचारलं तर सासूच घाईघाईने सांगायची, "कापनीमा लागनं." जसा काही विळा आपल्या आपण शेतात फिरत होता आणि मीच त्याच्या वाटेत गेले.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. धानोऱ्यापासून कोसभरावर आमचं गाव. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. वडील शाळामास्तर, त्यामुळे मला लिहिता-वाचता येत होतं, पण शेतातलं काही येत नव्हतं. ते सगळं सासरी येऊन शिकले, आणि खरं सांगायचं तर फार उशिरा शिकले. रब्बीच्या ज्वारीला आमच्याकडे दादर म्हणतात. फाल्गुनात तिची कापणी चालली होती. प्रत्येकीने आपापली पात धरून पुढे जायचं, शेजारणीच्या पातीत शिरायचं नाही, हा नियम. सासू कापायला लागली की बघत राहावं असा तिचा हात. मी मागे पडले होते. बरोबरी करायच्या नादात वाकून पुढे घुसले, ते थेट सासूच्या पातीत, आणि त्याच वेळी सासू हातातल्या विळ्यासकट पेंढी मागे टाकायला वळली. डाव्या कानाच्या पाळीखालून ओठाच्या दिशेने तीन बोटं गाल उघडला. दुखलं नाही, नुसतं गरम वाटलं. "अरे माय वं!" असं ओरडली ती सासू. मी नाही.

जखम हळद भरून बांधली. महिन्याभरात भरूनही आली. गालाच्या मध्यावर टाचणी टोचल्यासारखं एक भोक मात्र राहिलं. त्याची कोणी फिकीर केली नाही. मग एक दिवस वरणाचा घास तोंडात घातला आणि गालावरून पाणी ओघळलं. डोळ्यातलं नव्हे. त्या भोकातून, स्वच्छ, नितळ, हनुवटीपर्यंत. घास गिळला, थोड्या वेळाने थांबलं. दुसरा घास घेतला, पुन्हा सुरू. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या गालाला सुटायला लागलं.

आधी नवऱ्याला हसू आलं. मलाही आलं. सासूला आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने चुलीवरच्या भांड्याकडे बघितलं. मला तेव्हा समजलं नाही, तिला लगेच समजलं होतं. हे पाणी म्हणजे थुंकी. ते जेवतानाच येत होतं असं नाही. फोडणीचा वास आला तरी येत होतं, कैरी चिरताना तर पदर भिजत होता. मी ज्यावर वाकेन ते सगळं उष्टं. कणीक उष्टी, भाजी उष्टी, देवापुढचं ताट तर विचारूच नका.

"तू आते चुल्हाजोगे नको येवू," ती म्हणाली. "पडवीमा बस."

आता हे वाचून कोणी म्हणेल, त्यात काय एवढं, बसून खायला मिळालं. आमच्याकडे सून म्हणजे चूल. शेतात कितीही राबली, गोठा कितीही झाडला, तरी घरातली म्हणून तिची जागा तिथे असते. तिथून उठवली की ती घरात राहते, पण घरातली राहत नाही. माझं ताट पडवीत येऊ लागलं. मी भिंतीकडे तोंड करून जेवायची, एका हाताने गालावर फडकं धरून. आतली माणसं आत जेवायची, मला नुसते आवाज यायचे, आणि आत लसूण परतला की इकडे माझा गाल वाहायचा. मला परत चुलीपुढे बसायचं होतं, बाकी काही नको होतं. रात्रंदिवस दुसरा विचार नव्हता.

उपाय सासूनेच काढला. तळोद्याच्या बाजूचा एक म्हातारा डाग द्यायचा. कावीळ झाली डाग, पोट दुखलं डाग, गुरांना डाग, माणसांना डाग. सळई लाल केली आणि त्या भोकावर टेकवली. माझे हात सासूने धरले होते. तिचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते, हे मला आठवतं, आणि त्या वेळी त्याचाही मला रागच आला होता. "आते नही गळनार," म्हातारा म्हणाला. खोटं बोलला नाही. खपली धरली, खपली पडली, भोक बुजलं. गाल कोरडा.

पण आतलं पाणी काय कोणाला विचारून थांबतं? जेवायला बसले की गाल आतून भरून यायचा, कानापुढे गाठ टणक व्हायची, ठणका कानातून डोक्यात जायचा. दोन-चार घटका गेल्या की हळूहळू उतरायचा. मी हे कोणाला सांगितलं नाही. ही माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही. गाल कोरडा होता म्हणून आषाढात सासूने मला पुन्हा चुलीपुढे बसू दिलं होतं, आणि त्या जागेसाठी मी वाटेल तेवढा ठणका सोसला असता. भाकरी थापताना दात आवळून थापायची. सूज दिसू नये म्हणून पदर पुढे ओढायची. सासूला वाटायचं, सून लाजाळू झाली.

मग श्रावण आला, कानबाईचे रोट आले. खानदेशात राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने सव्वा सव्वा मुठी गहू मोजून घ्यायचे, घरीच दळायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. त्या पिठात वरून चिमूटभर घालायचं नाही की काढायचं नाही. सोवळं असं की बोलतानासुद्धा पिठाकडे तोंड करायचं नाही. पुरणाचा घमघमाट सुटला होता. मी परातीपुढे बसून कणीक मळत होते. सकाळपासून गाल भरून आला होता, या वेळी उतरलाच नव्हता, अंगात कणकण होती. गुळाचा वास नाकात गेला आणि कानापुढे काहीतरी फुटलं. डागाच्या जागेवरून आधी पू आला, मागून पाणी. परातीत टपटप पडलेलं मीही पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या चुलतसासूनेही पाहिलं.

सासू उठली, परात उचलली, बाहेर नेऊन गाईपुढे ठेवली. त्या वर्षी आमच्या घरी रोट झाले नाहीत.

मी तापाने पडवीत पडले होते. चुलतसासू आत बसून बोलत होती, आणि मला ऐकू जावं एवढ्या आवाजात बोलत होती. "पोऱ्याले दुसरी करी ल्या." आमचे हे घरातच होते. हे बोलतील तर शपथ. मी सासूच्या उत्तराची वाट पाहत राहिले. ती काहीच म्हणाली नाही. ते न बोलणं मी तिच्या खात्यावर कित्येक महिने मांडून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात बैलगाडी जुंपलेली दिसली. नंदुरबारला स्टेशनच्या बाजूला एक डॉक्टर नव्याने आले होते, त्यांच्याकडे न्यायचं ठरलं होतं. कोणी ठरवलं ते कळलं नाही. मी आत पडून, हे बैल हाकायला, आणि सासू माझं डोकं मांडीवर घेऊन.

डॉक्टर देशावरचे, तरुण, बोलायला घाईचे. त्यांनी पू काढला, आठवडाभर रोज धुतलं, आणि ताप उतरल्यावर मला समोर बसवून गाल आतून-बाहेरून चाचपला. डाग बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग विचारलं, "ही मुळातली जखम कशाची? कुणाच्या हातून झाली?"

माझ्या ओठांवर "कापणीत लागलं" आलंच होतं. इतक्यांदा ऐकलं होतं ना. तेवढ्यात मागून सासू म्हणाली, "मन्हा इळा लागना तिले, डागतरसाहेब. मन्हा."

मी वळून पाहिलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. आता कुठे बोलली, असं वाटलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कानापुढे, कातडीखाली लाळेची एक मोठी गाठ असते, दोन्ही बाजूंना एकेक. तिच्यापासून एक बारीक नळी गालातून पुढे येते आणि वरच्या दाढेसमोर तोंडात उघडते. जीभ लावली तर तिथे बारीकसा उंचवटा लागतो. विळ्याने ती नळी तोडली. पाण्याला आतली वाट राहिली नाही म्हणून ते बाहेर आलं. डाग देऊन बाहेरची वाटही बंद केली, म्हणून ते कोंडलं आणि गाठ आतल्या आत नासायला लागली. उपाय एकच, तोंडात नवी वाट करून द्यायची. त्यांनी गाल बधिर केला, डागाची जागा कापून काढली, तिथून तोंडात सुईने रेशमाचा दोरा ओवला आणि दोन्ही टोकं गालाच्या आत बांधून ठेवली. बाहेरून कातडी शिवून टाकली. दोऱ्याभोवती वाट धरेल, मग दोरा काढायचा. सव्वा महिना मी तो दोरा जिभेने चाचपत होते.

दिवाळीच्या आधी दोरा निघाला. डॉक्टरांनी लिंबाची फोड जिभेवर ठेवली आणि आरशाच्या तुकड्याने आत बघत बसले. उजवीकडून लाळ आली. डावीकडे काही नाही. पुन्हा फोड, पुन्हा काही नाही. कानापुढे जिथे सूज असायची तिथे आता खळगा पडला होता.

"गाठ मेली का हो?" यांनी विचारलं. सगळ्या प्रकरणात हे तेव्हा पहिल्यांदा बोलले असतील.

"मेली म्हणू नका. वाळलीय." डॉक्टर म्हणाले की त्या गाठीत ज्वारीच्या कणसासारखे दाण्यांचे घोस असतात, पाणी ते दाणे करतात. वाट तुंबली की दाणे वाळून जातात, नुसत्या दांड्या, म्हणजे बारीक नळ्या, शिल्लक राहतात. पण वाट मोकळी झाली आणि काम मिळालं, तर त्या नळ्यांच्याच टोकांना पुन्हा दाणे धरायला लागतात. "मी पुस्तकात वाचलंय, डोळ्यांनी पाहिलेलं नाही," असंही ते म्हणाले. हे मात्र मला आवडलं.

सासू जमिनीवर बसून ऐकत होती. "म्हंजे खोडवा," ती म्हणाली.

डॉक्टरांना तो शब्द ठाऊक नव्हता. यांनी सांगितलं, ज्वारी कापली की बुडख्याला परत फुटवे येतात, ते राखलं तर त्याचं दुसरं पीक घेतात, ते खोडवा. डॉक्टर म्हणाले, "असंच. पण त्याला पाणी लागत असेल ना? तसं याला चावणं लागतं. आंबट द्या. रोज, दिवसातून चार वेळा, डाव्या बाजूने चावायला लावा. चार-सहा महिने लागतील." मग जरा थांबून म्हणाले, "ती जागी झाली की पाणी येईल. आतल्या वाटेने येईल अशी आशा आहे. बाहेरून आलं तर पुन्हा यावं लागेल."

झालं. म्हणजे गाल आत्ता कोरडा होता तो गाठ झोपली होती म्हणून. ती जागी झाल्याशिवाय चुलीपुढे बसणं नाही, कारण बसायचं आणि पुन्हा परातीत गळायचं, हे घराला दुसऱ्यांदा परवडणारं नव्हतं. आणि जागी झाली तर काय होईल ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

तो सगळा हिवाळा मी सासूचा मनापासून तिरस्कार केला. सकाळी एक आवळा. दुपारी कच्ची बोरं. तिसऱ्या प्रहरी चिंच. संध्याकाळी पुन्हा चिंच. ती हातात घेऊन पडवीत यायची, माझ्या समोर बसायची, आणि मी चावून गिळेपर्यंत उठायची नाही. दात आंबून भाकरी चावेनाशी झाली. जीभ सोलून निघाली. मी नजर चुकवून थुंकायला लागले, तर तिने आणखी जवळ बसायला सुरुवात केली. कापलंय हिने, डागलंय हिने, आणि आता आंबवतेय हीच, असं माझ्या मनात रोज यायचं. मी तिच्या पातीत शिरले होते, हे त्या दिवसांत एकदाही आठवलं नाही.

एकदा न राहवून म्हटलं, "आत्याबाई, ते झोपेल शे तं झोपू द्या ना. जागं व्हयनं आनि परत गालमातून उनं तं?"

"डागतरनी सांगेल शे," ती म्हणाली. "चाव."

सासू वाळत चालली होती, हे मला दिसत होतं. गळ्याची हाडं वर आली होती, चालताना दाराला हात लावायची. मला वाटलं, वय झालं. मला वाटलं, चुलीचं काम एकटीवर पडलंय, पडू दे. इतकी वाईट मी झाले होते, आणि ते लिहायला आज लाज वाटते.

चैत्रात चिंचा फोडायला घेतल्या. आमच्या अंगणात गल्लीतल्या पाच-सहा बायका जमायच्या. वाळल्या चिंचा कुटायच्या, टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे. मी जरा लांब, पडवीच्या पायरीवर. उन्हात त्या आंबटाचा असा दरवळ उठला होता की बायका बोलता बोलता घोट गिळत होत्या. आणि एकाएकी माझ्या डाव्या कानापुढे, त्या खळग्यात, सुई टोचल्यासारखी कळ आली.

कळ मला ओळखीची होती. मी दोन्ही हातांनी गाल दाबून धरला. डोळे गच्च मिटले. आता बोटांना ओल लागणार, आता लागणार, म्हणून बसून राहिले. सासू चिंचेचे हात तसेच घेऊन माझ्यापुढे आली, माझी बोटं एकेक करून गालावरून काढली आणि आपल्या लुगड्याचा पदर तिथे दाबला. बघितला. पुन्हा दाबला. मग एक चिंच माझ्या डाव्या दाढेखाली सारली. "चाव."

मी चावली. कळ पुन्हा आली, आणि वरच्या दाढेजवळून कोमट पाणी जिभेवर उतरलं. इतकं की मला घोट गिळावा लागला. तिने पदर काढून उजेडात धरला. कोरडा होता. तिने तो नाकाला लावून वास घेतला, आणि तिथेच मातीत बसली.

आठ दिवस तिने रोज तसंच तपासलं. नवव्या दिवशी सकाळी म्हणाली, "उठ. आज भाकरी तू कर."

चूल सुटून वर्ष होत आलं होतं, मधला तो आषाढ सोडला तर. चूल सारवलेली होती. मी भाकरी टाकल्या, लसूण-मिरची वाटून वांग्याची भाजी केली, मीठ घातलं, आणि भीत भीत गालाला हात लावून पाहिला. मग यांना वाढलं, आणि कधी नव्हे ते सासूलाही यांच्याच शेजारी बसवून वाढलं. मी समोर बसले, तिच्या तोंडाकडे बघत. तिने पहिला घास घेतला आणि ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला.

"मीठ भलतं पडनं वं, पोरी," ती म्हणाली.

मी घाबरले. चमच्याने भाजी तळहातावर घेऊन चाखली. मीठ बेताचंच होतं. यांच्याकडे पाहिलं तर हे खाली मान घालून ताटात बोट फिरवत होते. "भाजी बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"बराबर शे," हे म्हणाले. मग आईकडे बघून, जशी काही तिची परवानगी मागत असावेत तसे, म्हणाले, "मायनी मीठ सोडेल व्हतं. तुले इळा लागना त्या दिवसपाईन. आज खाधं तिनी."

आषाढातही, म्हणजे मी चुलीपुढे होते तेव्हाही, ती म्हणायची, तुम्ही जेवून घ्या, मी मागून बसेन. त्या दिवसांत मी तिला जेवताना पाहिलंच नव्हतं. आणि बाकीचे महिने तर मी भिंतीकडे तोंड करून पडवीत बसले होते. तेरा महिने ही बाई आतमध्ये अळणी भाकरी पाण्याबरोबर गिळत होती आणि हिवाळाभर रोज चार वेळा माझ्यापुढे येऊन बसत होती.

ती पदराने डोळे पुसत होती आणि दुसरा घास करत होती. त्या घासालाही तिला मीठ जास्त लागलं असणार, पण तिने तो खाल्ला, त्यानंतरचाही खाल्ला. तिची वाटी रिकामी झाल्यावर मी ती पुन्हा भरली. ती नको म्हणाली नाही.